नाव पुसावे, शंका ठेवावी
(स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या हाताखाली मी एक्स-रे वाचायला शिकले. तेव्हा फिल्म व्ह्यू बॉक्सवर अडकवून वाचत असू. सरांच्या कोटाच्या खिशात काचेवर लिहायची एक पिवळी पेन्सिल असे. फुप्फुसावर डाग दिसला की ते त्या पेन्सिलीने फिल्मवर बाण काढत, आणि खात्री नसली तर बाणाशेजारी प्रश्नचिन्ह. आम्हा विद्यार्थ्यांना त्या प्रश्नचिन्हाचा संकोच वाटे. एवढ्या अनुभवी डॉक्टरांना कळू नये? सरांना तो संकोच कधी वाटला नाही. ते प्रश्नचिन्ह जसेच्या तसे रिपोर्टात उतरायचे, रुग्णाला काही आठवड्यांनी पुन्हा फोटोसाठी बोलावले जायचे, आणि दुसऱ्या फोटोनंतर त्याचे काय झाले ते सर आम्हाला आवर्जून दाखवायचे.

आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे, त्यात ही पिवळी पेन्सिल संगणकाच्या पडद्यावर आली आहे. रुग्णालयांत साठलेले एक्स-रे, सीटी, एमआरआय संशोधनासाठी दिले जातात. देण्यापूर्वी त्यांवरून रुग्णाची ओळख काढून टाकतात. मग कुणीतरी बसून प्रत्येक चित्रावर नोंदवते की इथे गाठ आहे, इथे रक्त आहे, इथे काही नाही. याला लेबल लावणे म्हणतात. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय सांगणाऱ्या ज्या संगणकीय प्रणाली वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्या अशाच लेबलांवर शिकलेल्या आहेत. मी स्वतः हे काम केले आहे, इतरांकडून करवून घेतले आहे, आणि त्यातून माझे एक मत बनले आहे. ते आधीच सांगते. रुग्णाचे नाव आपण जितक्या कसोशीने पुसतो, तितक्याच कसोशीने वाचणाऱ्याची शंका जपली पाहिजे. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. नाव कुठेतरी राहून जाते आणि शंका तेवढी पुसली जाते.

आधी नावाचे पाहू.

सीटीची किंवा एमआरआयची फाइल नुसते चित्र नसते. १९९३ पासून या क्षेत्रात डायकॉम हे मानक रूढ झाले. त्यानुसार प्रत्येक चित्राबरोबर माहितीची एक लांबलचक यादी प्रवास करते. तिच्यात रुग्णाचे नाव, जन्मतारीख, वजन, पाठवणारे डॉक्टर, रुग्णालयाचा पत्ता, यंत्राचा अनुक्रमांक, तपासणीची वेळ, सारे असते. प्रत्येक रकान्याला ठरलेला क्रमांक आहे. नाव ००१०,००१० खाली, रुग्णक्रमांक ००१०,००२० खाली, जन्मतारीख ००१०,००३० खाली. हे रकाने रिकामे करणे सोपे आहे. कोणता रिकामा करायचा, कोणत्यात बदली मूल्य घालायचे, याचा तक्ता त्या मानकाच्या पंधराव्या भागातच दिलेला आहे.

अवघड जागा त्यापुढे आहेत. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आपापले खाजगी रकाने ठेवतात, आणि त्यांत काय साठले आहे हे बाहेरच्याला सहज कळत नाही. सोनोग्राफीत नाव बहुधा चित्रातच उमटलेले असते. यादी कितीही साफ केली तरी ते वरच्या कोपऱ्यात तसेच राहते. चित्रावर असा मजकूर आहे की नाही हे सांगणारा एक रकाना डायकॉममध्ये आहे, पण तो भरलेलाच असेल असा भरवसा नाही. जुनी फिल्म स्कॅन केली की कोपऱ्यातले नाव सोबत येते. कधी फाइल स्वच्छ असते आणि ती ज्या फोल्डरात ठेवली त्या फोल्डरलाच रुग्णाचे नाव असते.

एकदा आमच्याकडे 'साफ केलेला' म्हणून एक साठा आला. नावाचा रकाना रिकामा होता, जन्मतारीख नव्हती. पण तपासणीच्या वर्णनाच्या रकान्यात, जिथे 'सीटी ब्रेन प्लेन' एवढेच असायला हवे, तिथे पुढे एका बाईंच्या नवऱ्याचे नाव, गाव आणि तालुका लिहिलेला होता. चौकशी केली तेव्हा कळले की त्या दिवशी त्याच नावाच्या दोन बायका तपासणीला आल्या होत्या. रिपोर्टांची अदलाबदल होऊ नये म्हणून टायपिस्टने ती खबरदारी घेतली होती. त्याचा हेतू चांगलाच होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. नाव शोधून पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ते नाव आहे हे उमगलेच नाही.

ते उमगणे अवघडही आहे. आपली नावे भाषेतल्या साध्या शब्दांमधून आलेली असतात. मंगल, ज्योती, प्रकाश, विजय यांतले व्यक्तीचे नाव कुठले आणि दुकानाचे किंवा दवाखान्याचे कुठले, हे रोमन लिपीतल्या एका ओळीवरून इंग्रजी नावांच्या यादीला कसे कळावे? एकाच आडनावाची रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगे होतात. आडनावाला 'कर' लागलेला असला तर त्यातच गाव दडलेले असते. मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, म्हणजे एका रुग्णाबरोबर घरातला आणखी एक माणूस उघडा पडतो. म्हणून माझे सांगणे असते की महाराष्ट्रातून जाणारा साठा शेवटी मराठी येणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. यंत्राने शंभर वेळा चाळले तरीही.

नाव गेले म्हणजे ओळख गेली असेही नसते. १९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यनोंदी नावे काढून संशोधकांना देण्यात आल्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी वीस डॉलरला मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्यावरून त्या नोंदींतून राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. १९९६ च्या हिपा या अमेरिकी कायद्याखाली पुढे जे नियम झाले, त्यांत काढून टाकायच्या अठरा प्रकारच्या खुणा मोजून दिल्या आहेत. तारखांमध्ये फक्त वर्ष ठेवायचे, आणि ८९ वर्षांवरच्या सगळ्यांना एकाच गटात घालायचे, कारण एखाद्या भागात त्र्याण्णव वर्षांची माणसे फार नसतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असलेच तर एकच एमआरआय यंत्र असते. तिथे हाडाच्या दुर्मीळ कर्करोगाचा चौदा वर्षांचा मुलगा आला, तर महिना आणि तालुका एवढे सांगितले तरी अर्धे गाव त्याचे घर दाखवील.

तारखा सरसकट पुसल्या तर वेगळे नुकसान होते. पहिल्या आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये तीन महिने गेले की तीन वर्षे, हे कळल्याशिवाय गाठ वाढते आहे की नाही ते कसे सांगणार? म्हणून एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच अंतराने पुढे-मागे सरकवतात. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातून तयार झालेल्या मिमिक या साठ्यात ३,७७,११० छातीचे एक्स-रे आहेत. त्यांच्या तारखा अशा सरकवल्या आहेत की तपासण्या भविष्यकाळात झाल्यासारख्या दिसतात. मधली अंतरे मात्र खरी आहेत. रुग्णाला झाकून आजाराचा काळ राखण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आणि चेहरा? डोक्याच्या एमआरआयमध्ये त्वचेचा बाहेरचा आकार येतो. त्यावरून चेहरा पुन्हा घडवता येतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांवर हे करून पाहिले. एमआरआयवरून घडवलेले चेहरे बाजारात मिळणाऱ्या चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरला दिले आणि छायाचित्रांशी जुळवायला सांगितले. ७० जण बिनचूक ओळखले गेले. तेव्हापासून डोक्याचे स्कॅन देताना चेहरा खरवडून काढण्याचा आग्रह वाढला आहे. तो योग्यच आहे, पण ज्याचा आजारच डोळ्याच्या खोबणीत किंवा नाकामागच्या पोकळीत आहे, त्याचा चेहरा खरवडला तर आजारही निघून जातो. तिथे सरसकट नियम चालत नाही. असा स्कॅन उघड्यावर ठेवायचाच नाही, करार करून मोजक्या संशोधकांनाच द्यायचा, हा मार्ग उरतो.

गर्भाच्या सोनोग्राफीचाही इथे उल्लेख केला पाहिजे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्या देशात या चित्रांना एक वेगळे गांभीर्य आहे. अशा साठ्यात कोणते लेबल लावायचे, याआधी कोणते लेबल कधीही लावायचे नाही, हे लिहून ठेवावे लागते. त्यावर चर्चेला जागा नाही.

आता लेबलांकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे.

या विषयातले जे काम मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला देते, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने झालेले फुप्फुसांच्या सीटीचे आहे. त्याचे संक्षिप्त नाव एलआयडीसी-आयडीआरआय. सात विद्यापीठीय केंद्रे आणि आठ कंपन्या त्यात होत्या, आणि २०११ मध्ये त्याचा पूर्ण अहवाल छापून आला. एकूण १०१८ स्कॅन. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टांनी वाचला, आणि तोही दोनदा. पहिल्या फेरीत प्रत्येकाने एकट्याने, इतरांचे काही न पाहता खुणा केल्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला स्वतःच्या खुणांबरोबर उरलेल्या तिघांच्या खुणाही दाखवल्या, पण कोणाची कोणती ते न सांगता. ते पाहून आपले मत बदलायचे तर बदलावे, नाही तर ठेवावे. आणि एकमत करा असे कोणी कोणाला म्हटले नाही. हे शेवटचे वाक्य मी विद्यार्थ्यांना अधोरेखित करायला लावते.

काम किती बारीक होते ते पाहा. तीन मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर फक्त तिच्या मध्यावर टिंब द्यायचे. तीन मिलिमीटर किंवा मोठी असेल तर ती सीटीच्या ज्या ज्या कापात, म्हणजे छेदचित्रात, दिसते त्या प्रत्येक कापात तिच्याभोवती रेघ काढायची, आणि रेघ गाठीच्या बाहेरून काढायची, गाठीचा एकही ठिपका रेघेखाली जाता कामा नये. मग गाठीची कड किती स्पष्ट, तिला काटे फुटले आहेत का, आत चुना साठला आहे का, ती गोल किती, अशा गुणांना आकडे द्यायचे. एका स्कॅनमध्ये शेकडो काप असतात. फुप्फुसातली रक्तवाहिनी आडवी कापली गेली की अगदी गाठीसारखी गोल दिसते, म्हणून प्रत्येक ठिपक्याशी थांबून वर-खाली काप सरकवत त्याचा माग घ्यावा लागतो. वाहिनी असेल तर पुढे फांदी दिसते. गाठ असेल तर ती तिथेच संपते. हे काम ज्याने केले आहे त्याला संध्याकाळी डोळे मिटल्यावरही काप सरकताना दिसतात.

आणि निकाल काय आला? किमान एका डॉक्टरने 'तीन मिलिमीटर किंवा मोठी गाठ' म्हटले अशा जागा २६६९ होत्या. चौघांनीही तसेच म्हटले अशा ९२८. म्हणजे जेमतेम पस्तीस टक्के. राहिलेल्या १७४१ जागांवर चौघे एकत्र आले नाहीत, आणि तेही एकमेकांच्या खुणा पाहून झाल्यावर.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल की डॉक्टरांना येत नव्हते. तसे नाही. ही माणसे या विषयातली जाणती होती. गाठ आहे की नाही, हा प्रश्नच कडेला येऊन असा धूसर होतो. ज्यांनी हा साठा तयार केला त्यांनी तो धूसरपणा लपवला नाही, चौघांच्याही रेघा जशाच्या तशा दिल्या. त्यामुळे आज कोणीही संशोधक ठरवू शकतो की मी चौघांची सहमती असलेल्या गाठीच घेईन, किंवा दोघांची पुरे, किंवा जिथे मतभेद आहे त्याच जागांचा अभ्यास करीन. आधीच बेरीज करून 'गाठ' किंवा 'गाठ नाही' एवढेच लिहिले असते, तर ही वाट कायमची बंद झाली असती.

याच कामातली आणखी एक गोष्ट मला हलवून जाते. गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता किती, याला डॉक्टरांनी एक ते पाच असा आकडा द्यायचा होता. पण समोर रुग्ण नाही. तो विडी ओढतो का, खोकल्यातून रक्त पडते का, वजन उतरले आहे का, काही ठाऊक नाही. म्हणून सर्वांना सांगण्यात आले की समोरचा रुग्ण साठ वर्षांचा, धूम्रपान करणारा पुरुष आहे असे धरून चाला. खरा माणूस पुसला गेला होता, त्याच्या जागी एक कल्पित माणूस बसवावा लागला. तो आकडा कर्करोगाचे निदान नाही, एका कल्पित रुग्णाविषयी दिलेले मत आहे. तपासणीतून पक्के झालेले निदान थोड्याच रुग्णांच्या बाबतीत उपलब्ध आहे. तरीही तोच आकडा घेऊन आमचे यंत्र कर्करोग ओळखते असे सांगणारे निबंध मी वाचले आहेत. मूळ डॉक्टरांनी असे कुठेच म्हटले नव्हते.

ओळख काढणे आणि लेबल लावणे या दोन गोष्टी इथे एकमेकींना भिडतात, आणि याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. ओपीडीत आपण फिल्म कधीच एकटी वाचत नाही. सोबत तक्रार असते, ताप किती दिवस आहे ते असते, जुने पाकीट असते. खात्री नसली तर आपण रिपोर्टाखाली लिहितो की रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. लेबल लावणाऱ्याच्या हाती यातले काहीच नसते. ताडून कशाशी पाहणार? ओळख जाते तेव्हा संदर्भही जातो. म्हणून उरलेल्या चित्रावरून जे सांगता येते तेवढेच सांगण्याची शिस्त हवी.

उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी सोसायटीने २०१८ मध्ये न्यूमोनिया शोधण्याची जी स्पर्धा घेतली, तिच्यात ही शिस्त दिसली. स्पर्धेच्या नावात न्यूमोनिया होता, पण डॉक्टरांनी चौकट काढून तिला लेबल दिले ते 'फुप्फुसातील अपारदर्शकता' असे. जिथे ती नव्हती पण फोटो निरोगीही नव्हता, तिथे तिसरे लेबल ठेवले. न्यूमोनिया हे निदान रुग्णाचे असते. फोटोत दिसतो तो पांढरेपणा. हा भेद त्यांनी राखला.

जिथे राखला गेला नाही तिथे काय होते, त्याचेही उदाहरण आहे, आणि तेही त्याच चित्रांचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० छातीचे एक्स-रे जगासाठी खुले केले. हे मोठे औदार्य होते. सोसायटीने डॉक्टरांना बसवून चौकटी काढायला घेतले ते यातलेच काही फोटो. पण एवढ्या सगळ्या चित्रांना माणसे बसवून लेबले लावणे शक्य नव्हते, म्हणून डॉक्टरांनी पूर्वी लिहिलेल्या रिपोर्टांतून संगणकाने शब्द वेचून चौदा प्रकारची लेबले लावली. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर यांनी वर्षअखेरीस त्यांतली काही चित्रे एकेक करून डोळ्यांनी पाहिली. 'न्यूमोथोरॅक्स', म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठणे, असे लेबल असलेल्या कितीतरी फोटोंत ती हवा काढण्यासाठी घातलेली नळी त्यांना दिसली. म्हणजे ज्यांचे निदान होऊन उपचारही सुरू झाले होते ते रुग्ण. अशा साठ्यावर शिकणारे यंत्र नळी ओळखायला शिकते. आपल्याला ते हवे असते रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत, जिथे नळी अजून घातलेलीच नाही.

रिपोर्ट हा एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेला निरोप असतो. 'मागच्यापेक्षा फरक नाही' असे त्यात असते. मागे काय होते हे दोघांनाही माहीत असते, शब्द वेचणाऱ्या संगणकाला नसते. आणि 'न्यूमोनिया नाकारता येत नाही' या वाक्याचे काय करायचे? होय लिहायचे की नाही? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चेक्सपर्ट हा ६५,२४० रुग्णांचा साठा दिला, तेव्हा लेबले त्यांनीही रिपोर्टांतूनच वेचली, पण 'आहे' आणि 'नाही' यांबरोबर 'अनिश्चित' हे वेगळे मूल्य ठेवले, आणि ज्याचा उल्लेखच नाही ती जागा रिकामी ठेवली. सरांचे प्रश्नचिन्ह तिथे मला भेटले.

लेबलाचा संदर्भ हरवल्याची किंमत कोविडच्या महासाथीत आपण पाहिली. चीनमधल्या ग्वांगझो इथल्या मुलांच्या रुग्णालयातले, एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे छातीचे एक्स-रे 'न्यूमोनिया' या लेबलाखाली खुले होते. कोविड ओळखणारे यंत्र बनवण्याच्या घाईत अनेकांनी कोविडचे फोटो मोठ्या माणसांचे घेतले आणि कोविड नसलेल्यांचे या मुलांचे. यंत्र मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकले. लेबल प्रवासाला निघाले होते आणि ते कोणाचे, कुठले, हे मागे राहिले होते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोविडसाठी बनवलेल्या यंत्रांवरच्या ६२ अभ्यासांची बारकाईने छाननी केली. त्यांतला एकही रुग्णालयात वापरण्याजोगा ठरला नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोक्याच्या सीटीवरचा अभ्यास छापला. भारतातल्या सुमारे वीस केंद्रांमधले ३,१३,३१८ स्कॅन त्यासाठी घेतले होते. पडताळणीसाठी दिल्लीतून मिळवलेल्या ४९१ स्कॅनचा वेगळा संच केला आणि तो 'सीक्यू५००' या नावाने सर्वांसाठी खुला केला. आठ, बारा आणि वीस वर्षांचा अनुभव असलेल्या तीन रेडिओलॉजिस्टांनी तो स्वतंत्रपणे वाचला. रक्तस्राव आहे का, कवटीला तडा आहे का, मेंदूची मध्यरेषा सरकली आहे का, याची उत्तरे दिली, आणि बहुमत ते उत्तर मानले. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्यांनी फक्त बहुमत दिले नाही. तिघांची उत्तरे तीन वेगळ्या रकान्यांत दिली. ज्याला हवे तो आजही पाहू शकतो की कोणत्या स्कॅनवर दोघे एका बाजूला होते आणि एक दुसऱ्या. आपल्या देशातून असे काम झाले, याचा मला अभिमान आहे.

पुढच्या काळात हे काम इथे वाढणार आहे. टाटा मेमोरियलने कर्करुग्णांच्या प्रतिमांची बँक उभारायला घेतली आहे. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यसेवेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. चौकट तयार होते आहे. पण चौकटीतले काम शेवटी माणूस करतो, आणि त्या माणसाविषयी थोडे बोलायला हवे.

रेघा काढणारे सगळेच तज्ज्ञ नसतात. बऱ्याच ठिकाणी पहिली रेघ प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा विद्यार्थी काढतो आणि डॉक्टर तपासतो. ही पद्धत वाईट नाही. मात्र रेघ काढणाऱ्याला दर स्कॅनमागे पैसे मिळतात, आणि 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी एक बटण दाबल्याशिवाय पुढचा स्कॅन उघडत नाही. अशा वेळी शंका आली तरी ती ठेवायला जागाच नसते. मी स्वतः अशा पडद्यासमोर बसले आहे. कवटीलगत एक पातळ पांढरी रेघ होती. रक्त असेल, हाडाची सावली असेल. विंडो (चित्राच्या उजळपणाची पातळी) बदलून पाहिली, वर-खाली काप पाहिले, ठरेना. बटणे दोनच होती. मी 'नाही' दाबले आणि पुढे गेले. त्या स्कॅनचा क्रमांक मला आजही पाठ आहे. त्या माणसाचे नाव मला कधीच कळणार नाही, कळूही नये. पण मला शंका आली होती, हे त्या साठ्यात कुठेच नाही, आणि ते असायला हवे होते.

म्हणून आमच्या गटात आता काही गोष्टी ठरल्या आहेत. कामाआधी लेबलांची लेखी व्याख्या, उदाहरणांच्या चित्रांसह. गाठ कशाला म्हणायचे, किती मिलिमीटरपासून, विंडो कोणती. दर काही दिवसांनी जुनेच स्कॅन न सांगता पुन्हा समोर ठेवायचे, म्हणजे आपण स्वतःशी तरी सहमत आहोत का ते कळते. पहिल्यांदा हे केले तेव्हा मी माझ्याच कितीतरी उत्तरांशी असहमत निघाले. प्रत्येक वाचकाचे उत्तर वेगळ्या रकान्यात, त्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने, पण अनुभवाची वर्षे लिहून. साठ्याबरोबर एक पत्रक, ज्यात स्कॅन कोणत्या प्रकारच्या रुग्णालयांतले, कोणत्या वयोगटातले, कोणत्या यंत्रांवरचे, आणि ओळख काढताना काय काय गेले ते लिहिलेले. ते गाव सांगत नाही, पण हे मुलांचे फोटो आहेत एवढे नक्की सांगते.

सभागृहात रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की आपल्या तळघरातल्या सर्व्हरवरचे स्कॅन कोणी संशोधनासाठी मागितले, तर नाव काढणार का, एवढेच विचारून थांबू नका. एथिक्स कमिटीसमोर हेही विचारा की लेबल कोण लावणार, किती जण लावणार, आणि त्यांचे मतभेद कुठे ठेवणार.

आणि जे तरुण रेडिओलॉजिस्ट उद्या अशा कामाला बसणार आहेत, त्यांना सांगते. पडद्यावर 'सांगता येत नाही' असे बटण नसेल, तर पहिला स्कॅन उघडण्यापूर्वी ते मागून घ्या. मिळेपर्यंत काम सुरू करू नका.